अत्तर लावून आलात तर भेट नाही: सुगंधावर जीव असूनही सुगंध न सोसणाऱ्या मार्सेल प्रूस्त यांची गोष्ट

लग्नाच्या मांडवात शिरताना अंगावर गुलाबपाण्याचा शिडकावा होतो, मनगटाला अत्तराचं बोट लागतं. हळदीकुंकवाला गेलं तरी अत्तरदाणी आणि गुलाबदाणी समोर येतेच. बीडजवळच्या पालीसारख्या गावात हा पाहुणचाराचा भाग आहे आणि त्याला नको म्हणणं बरं दिसत नाही. पण प्रत्येक मांडवात एखादा माणूस असा असतो, की हा सुगंध नाकात गेल्या गेल्या त्याला शिंका सुरू होतात, डोकं ठणकायला लागतं, छाती भरून येते. तो हळूच उठतो आणि बाहेर जाऊन उभा राहतो. पालीहून बीडला जाणाऱ्या एसटीत शेजारच्याने भरपूर बॉडी स्प्रे मारलेला असेल, तर बाहेर जायचीही सोय नसते. मग खिडकी उघडायची, नाकाला रुमाल लावायचा आणि लोकांनी नखरेल म्हटलं तर ऐकून घ्यायचं.

हे दुखणं नवं नाही. शंभर वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये राहणाऱ्या एका लेखकाने याच त्रासापायी आयुष्याची शेवटची पंधरा-सोळा वर्षं बहुतेक बंद खोलीत काढली. त्याला भेटायला येणाऱ्यांना अत्तर लावून किंवा फुलं घेऊन यायची मनाई होती. गंमत म्हणजे जगाच्या साहित्यात वास आणि आठवण यांच्या नात्यावर सगळ्यात गाजलेलं लिखाण याच माणसाचं आहे. त्याचं नाव मार्सेल प्रूस्त.

प्रूस्त यांची गोष्ट समजून घेतली की एक फरक लक्षात येतो. वास आवडत नाही, ही एक गोष्ट असते आणि वास सोसत नाही, ही पूर्ण वेगळी.

डॉक्टरांच्या घरातला आजारी मुलगा

मार्सेल प्रूस्त यांचा जन्म १० जुलै १८७१ रोजी पॅरिसच्या ओतोय भागात झाला. वडील आद्रियां प्रूस्त हे फ्रान्समधले नावाजलेले डॉक्टर. कॉलरा हा त्यांचा अभ्यासाचा विषय. ही साथ कोणत्या वाटेने युरोपात शिरते, हे पाहण्यासाठी ते १८६९ मध्ये रशियामार्गे इराणपर्यंत जाऊन आले होते. पुढे ते पॅरिसच्या वैद्यकीय महाविद्यालयात आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक झाले. आई जान वेल ही श्रीमंत ज्यू घराण्यातली, वाचनाची आवड असलेली. धाकटा भाऊ रोबेर पुढे सर्जन झाला.

१८८१ च्या वसंतात, मार्सेल नऊ वर्षांचा असताना, घरचे लोक पॅरिसच्या कडेला असलेल्या बुआ द बुलोन्य या मोठ्या उद्यानात फिरायला गेले होते. परत येताना त्याला अचानक श्वास घेता येईना. झटका इतका जोराचा होता, की मुलगा हातचा जातो की काय, असं डॉक्टर वडिलांनाही वाटलं. दम्याशी त्याची ही पहिली गाठ. त्यानंतर तो आजार आयुष्यभर सुटला नाही.

वडिलांचं मूळ गाव इल्लिए. सुट्टीत मुलं तिथे जायची. गावाबाहेर कुंपणाला हॉथॉर्न नावाची काटेरी झुडपं होती आणि वसंतात ती पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरून जायची. मार्सेलला या फुलांचं वेड होतं. पण झाडं फुलण्याचे दिवस आणि त्याचा दमा उसळण्याचे दिवस नेमके एकच होते. गावाकडचा वसंत हळूहळू त्याच्या आयुष्यातून वजा झाला. पुढे याच इल्लिए गावावरून त्यांनी कादंबरीतलं कोंब्रे हे गाव रचलं. ते इतकं प्रसिद्ध झालं, की १९७१ मध्ये लेखकाच्या जन्मशताब्दीला खऱ्या गावाचं नाव बदलून इल्लिए-कोंब्रे करण्यात आलं.

दुखणं शरीराचं की मनाचं?

परागकणांमुळे होणाऱ्या त्रासाचं पहिलं सविस्तर वर्णन लंडनचे डॉक्टर जॉन बोस्टॉक यांनी १८१९ मध्ये केलं होतं. १८७३ मध्ये मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवरच प्रयोग करून या त्रासाचं मूळ परागकणांत आहे, हे दाखवलं. पण ॲलर्जी हा शब्द ऑस्ट्रियाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी वापरात आणला तो थेट १९०६ मध्ये. तोपर्यंत प्रूस्त पस्तिशीत पोचले होते.

मधल्या काळात डॉक्टरांचा कल वेगळाच होता. १८८६ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे डॉक्टर जॉन मॅकेन्झी यांनी एक प्रयोग छापला. गुलाबाजवळ गेलं की त्रास होणाऱ्या एका बाईसमोर त्यांनी कागदी गुलाब धरला आणि तिला खरोखर त्रास सुरू झाला. या एका प्रयोगाचा हवाला पुढे अनेकांनी दिला. त्यातून काढलेला अर्थ साधा होता: फुलांनी, वासाने होणारा त्रास म्हणजे मनाचे खेळ.

फ्रान्समध्येही दम्याकडे मज्जातंतूंचा, म्हणजे जवळपास मनाचाच विकार म्हणून पाहिलं जायचं. डॉक्टर एदुआर ब्रिसो यांनी १८९६ मध्ये दमेकऱ्यांसाठी पुस्तक लिहिलं, त्यातही हीच भूमिका होती. त्या पुस्तकाला प्रस्तावना होती खुद्द आद्रियां प्रूस्त यांची. ज्या मुलाला रात्र-रात्र श्वास मिळत नव्हता, त्याच्या वडिलांच्या नावानेच हा विचार लोकांपर्यंत गेला. मुलाने इच्छाशक्ती वाढवावी, वेळेवर झोपावं-उठावं, मोकळ्या हवेत फिरावं, अशी वडिलांची अपेक्षा होती. मोकळ्या हवेत फिरलं की मुलाचा दमा वाढायचा.

उपचार कमी झाले नाहीत. नाकाच्या आतला भाग डागून घेण्याचा त्या वेळचा उपचार तरुणपणी त्यांच्यावर अनेकदा झाला. आता फुलांजवळ खुशाल जा, असं सांगितल्यावर ते गेले आणि पुन्हा जोराचा झटका आला. १९०३ मध्ये वडील गेले, १९०५ मध्ये आई गेली. आईच्या इच्छेखातर त्याच वर्षाअखेरीस ते डॉक्टर सोलिए यांच्या मज्जाविकारांच्या रुग्णालयात सुमारे सहा आठवडे राहिले. फायदा झाला नाही.

घरातल्या माणसांनी प्रेम केलं, पैसा खर्च केला, सगळं केलं. पण हा त्रास तू ठरवलंस तर जाईल, हा सूर कधी पूर्ण थांबला नाही. सुगंध न सोसणाऱ्या माणसाला आजही सगळ्यात जास्त ऐकावं लागतं ते हेच.

सुगंधात बुडालेलं पॅरिस

प्रूस्त पहिल्यापासून एकलकोंडे नव्हते. वयाच्या अठराव्या वर्षी ते स्वतःहून सैन्यात दाखल झाले आणि ऑर्लेआं इथे वर्षभर राहिले. रात्रीच्या खोकल्यामुळे इतर सैनिकांची झोप मोडते, म्हणून त्यांना छावणीबाहेर खोली घेऊन राहावं लागलं. नंतरची काही वर्षं त्यांनी पॅरिसच्या उच्चभ्रू बैठकांमध्ये घालवली. १८९२ मध्ये जाक-एमिल ब्लांश यांनी काढलेलं त्यांचं चित्र प्रसिद्ध आहे. काळा कोट, मोठे डोळे आणि कोटाला खोचलेलं पांढरं फूल.

नेमक्या याच काळात पॅरिसमधली अत्तरं बदलत होती. आधी अत्तर फुलं, साली, मुळं यांच्या अर्कातून बनायचं आणि महाग असायचं. प्रयोगशाळेत सुगंधी रसायनं तयार होऊ लागली आणि चित्र पालटलं. उबिगां या कंपनीने १८८२ मध्ये कूमारिन हे रसायन वापरून अत्तर काढलं. गेर्लां कंपनीचं जिकी हे अत्तर १८८९ मध्ये आलं, त्यात व्हॅनिलीन होतं. १९२१ मध्ये शनेल नंबर ५ बाजारात आलं, तोवर अशी रसायनं अत्तराच्या धंद्यात रुळली होती. हातरुमाल, हातमोजे, पत्रं, केस, सगळ्यांना सुगंध लावायची फॅशन होती.

म्हणजे लेखक म्हणून प्रूस्त यांना ज्या जगाचं निरीक्षण करायचं होतं, ते जग सुगंधाशिवाय घराबाहेर पडत नव्हतं. बैठकीला जायचं, माणसं पाहायची, आणि त्याची किंमत पुढचे काही दिवस अंथरुणात धापा टाकत चुकवायची, असं चक्र सुरू झालं.

कॉर्कच्या भिंतींची खोली

१९०६ च्या अखेरीस प्रूस्त ओस्मान बुलेव्हार्डवरच्या १०२ क्रमांकाच्या इमारतीत राहायला आले. घर नातेवाइकांचं होतं आणि आईच्या आठवणी त्याच्याशी जोडलेल्या होत्या, म्हणून त्यांनी ते निवडलं. तब्येतीच्या दृष्टीने जागा वाईट होती. रस्त्यावर धूळ, रहदारी आणि कडेला झाडं.

त्यांनी खिडक्या बंद ठेवल्या, जाड पडदे सोडले. १९१० मध्ये खोलीच्या भिंतींना कॉर्क लावून घेतला. बाटलीचं बूच ज्याचं बनतं, तीच ही साल. तिचा मुख्य उपयोग बाहेरचा आवाज अडवणं हा होता. दिवसा झोपायचं आणि रात्रभर लिहायचं, असा दिनक्रम ठरला. रात्री धूळ खाली बसलेली असायची, रस्ते शांत असायचे, त्यामुळे बाहेर पडायचं तर तेही रात्रीच.

१९१४ पासून त्यांची सगळी व्यवस्था सेलेस्त आल्बारे ही खेड्यातून आलेली तरुण स्त्री पाहू लागली. तिचा नवरा ओदिलों प्रूस्त यांचा टॅक्सीचालक होता. प्रूस्त यांच्या मृत्यूनंतर पन्नासेक वर्षांनी, १९७३ मध्ये तिच्या आठवणींचं पुस्तक आलं आणि त्या घरातले बारीकसारीक नियम जगाला कळले.

सेलेस्तने अत्तर लावायचं नाही. पाहुण्यांनीही लावून यायचं नाही. स्वयंपाकाचा वास खोलीपर्यंत येता कामा नये. साफसफाई प्रूस्त घराबाहेर गेले असतील तेव्हाच. काडेपेटीची काडी ओढल्यावर जो गंधकाचा भपका येतो, तोही त्यांना सोसायचा नाही, म्हणून खोलीत काडी ओढली जात नसे. बाहेर मेणबत्ती पेटवून तिच्यावरून काम भागवलं जाई.

हॉथॉर्नची ओढ मात्र गेली नव्हती. वसंतात ते बंद मोटारीत बसून काचेआडून फुललेली झाडं पाहायला जात. अत्तराची मनाई करणारा माणूस सुगंधाचा वैरी होता, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही मोटार डोळ्यांसमोर आणावी. फुलांसाठी तो मैलोन्‌मैल जात होता, फक्त काच खाली करू शकत नव्हता.

धोतऱ्याचा धूर

प्रूस्त यांच्या उपचाराचं एक टोक भारतापर्यंत येतं. ते उठल्यावर खोलीत औषधी पूड जाळायचे आणि तिचा धूर छातीत घ्यायचे. कधीकधी खोलीत समोरचं दिसू नये इतका धूर व्हायचा. दम्यासाठीच्या अशा पुडी आणि सिगारेटी तेव्हा युरोपात दुकानांत सहज मिळत. त्यातला महत्त्वाचा घटक म्हणजे धोतऱ्याच्या कुळातली वनस्पती.

दम्यावर धोतरा ओढण्याची रीत ब्रिटिशांना मद्रासमध्ये कळली आणि १८०२ च्या सुमारास ती इंग्लंडला पोचली. तिथून ती युरोपभर पसरली. पालीच्या आसपास रस्त्याकडेला, उकिरड्यावर जो धोतरा उगवतो, त्याच्याच भाऊबंदांचा धूर पॅरिसच्या एका श्रीमंत खोलीत कोंडलेला असायचा.

धोतऱ्यातल्या द्रव्यांनी श्वासनलिका काही काळ सैल होते, हे खरं आहे. पण हीच वनस्पती विषारी आहे. थोडं प्रमाण चुकलं तरी भ्रम होतो, हृदयाचे ठोके बिघडतात, जीवही जातो. शिवाय धूर स्वतःच फुप्फुसाला त्रास देतो. त्यामुळे हा घरगुती उपाय म्हणून कुणीही करू नये. प्रूस्त यांच्याकडे दुसरा पर्याय नव्हता. तोंडात फवारा मारायचा सुटसुटीत इनहेलर १९५६ मध्ये आला, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर ३४ वर्षांनी.

वासातून उभी राहिलेली कादंबरी

त्या बंद खोलीत पलंगावर बसून प्रूस्त एक प्रचंड कादंबरी लिहीत होते. इंग्रजीत ती इन सर्च ऑफ लॉस्ट टाइम या नावाने ओळखली जाते. हरवलेल्या काळाचा शोध, असा त्याचा अर्थ. सात भाग आणि तीन हजारांहून जास्त पानं.

पहिला भाग प्रकाशकांनी नाकारला. शेवटी प्रूस्त यांनी स्वतःच्या खर्चाने तो १९१३ मध्ये छापून घेतला. त्यातला एक प्रसंग पुढे जगभर गाजला. निवेदक चहात बुडवलेल्या मादलेन नावाच्या छोट्या केकचा घास घेतो आणि त्या चवीतून, वासातून त्याचं विसरलेलं बालपण, अख्खं गाव परत उभं राहतं. एखाद्या वासाने जुनी आठवण अचानक जागी होते, त्याला मानसशास्त्रात आजही प्रूस्त यांचंच नाव दिलं जातं. दुसऱ्या भागाला डिसेंबर १९१९ मध्ये फ्रान्सचा मानाचा गोंकूर पुरस्कार मिळाला.

ज्याला खरी फुलं जवळ घेता येत नव्हती, त्याने ती पानापानावर फुलवली. पण म्हणून आजाराचं कौतुक करायचं कारण नाही. दम्याने त्यांना लेखक केलं नाही. दम्याने त्यांची वर्षं खाल्ली, माणसं लांब केली आणि वेळ अपुरा पाडला.

१९१९ मध्ये ओस्मान बुलेव्हार्डवरची इमारत विकली गेली आणि घर सोडावं लागलं. शेवटची तीन वर्षं ते आम्लें रस्त्यावरच्या घरात राहिले. १९२२ च्या शरदात त्यांना सर्दी झाली, ती छातीत उतरून न्यूमोनिया झाला. भावाने रुग्णालयात चलायचा आग्रह धरला, त्यांनी नकार दिला. १८ नोव्हेंबर १९२२ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी ते गेले. कादंबरीचे उरलेले भाग नंतर निघत राहिले. शेवटचा भाग १९२७ मध्ये आला.

आज विज्ञान काय सांगतं?

प्रूस्त यांच्या त्रासात परागकण, धूळ आणि तीव्र वास या तिन्ही गोष्टी मिसळलेल्या होत्या. आज त्या वेगळ्या करून पाहता येतात. परागकणांचा त्रास ही बहुतेक वेळा ॲलर्जी असते, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा निरुपद्रवी कणांना शत्रू समजते. अत्तर, बॉडी स्प्रे, अगरबत्ती किंवा फिनाइलचा त्रास बऱ्याचदा वेगळ्या पद्धतीने होतो. त्यातली हवेत उडणारी रसायनं आणि धुराचे बारीक कण आधीच हुळहुळलेल्या श्वासनलिकेला चिडवतात. नलिका आकसते आणि धाप लागते. मायग्रेनच्या अनेक रुग्णांचं डोकंही तीव्र वासाने उठतं.

मनाचा काहीच संबंध नसतो का? असतो. भीतीने, ताणाने दमा वाढतो. पूर्वी त्रास झालेला वास आला की माणूस आधीच धास्तावतो. पण मनाचा वाटा आहे म्हणजे आजार खोटा आहे, असं होत नाही. कागदी गुलाबाने एका बाईला त्रास झाला, म्हणून खऱ्या अत्तराने गुदमरणारा प्रत्येक जण नाटक करतो, हा निष्कर्ष तेव्हाही चूक होता.

काही देशांत हे आता नियमांपर्यंत पोचलं आहे. कॅनडातल्या अनेक रुग्णालयांत सुगंधी द्रव्यं लावून येऊ नका, अशा पाट्या असतात. अमेरिकेत डेट्रॉइट शहराच्या महापालिकेतल्या एका महिलेने सहकाऱ्याच्या अत्तराच्या त्रासावरून दावा लावला. २०१० मध्ये तिला १ लाख डॉलर देऊन तडजोड झाली.

पैसा नसेल तर?

प्रूस्त यांना हे सगळं जमलं, कारण त्यांच्याकडे वारशाचा पैसा होता. नोकरी नव्हती, बसने प्रवास नव्हता, दिवसरात्र सेवेला माणूस होता. त्याच काळात आपल्याकडे गोपाळ गणेश आगरकर दम्याने हैराण होते. त्यांच्या वाट्याला कॉर्कची खोली नव्हती. तुटपुंज्या पगारात शिकवणं, सुधारक चालवणं, फर्ग्युसन कॉलेजचं प्राचार्यपद सांभाळणं, हे सगळं त्यांनी त्या छातीनिशी केलं. १७ जून १८९५ रोजी, ४० वर्षांचेही नसताना ते गेले. दम्याच्या रुग्णाचं आयुष्य कसं जाणार, हे आजाराइतकंच आसपासच्या परिस्थितीवर ठरतं.

पालीतल्या दमेकऱ्याला ओस्मान बुलेव्हार्डचं घर मिळणार नाही. त्याला एसटीने बीड गाठावं लागतं, वर्गात बसावं लागतं, भावकीच्या लग्नाला जावं लागतं. त्याने करण्यासारख्या गोष्टी आहेत. डॉक्टरांकडून नीट तपासणी करून घ्यावी, दम्याचं निदान झालं तर सांगितलेला इनहेलर नियमित वापरावा आणि जवळ ठेवावा, कोणत्या वासाने त्रास होतो याची नोंद ठेवावी. साबण, पावडर घेताना वेष्टनावर सुगंधी द्रव्यं आहेत का ते पाहावं. अनसेंटेड लिहिलेल्या वस्तूतही कधीकधी मूळ वास झाकण्यासाठी सुगंध घातलेला असतो.

उरलेलं इतरांच्या हातात आहे आणि त्याला खर्च येत नाही. अत्तराचं बोट पुढे करण्याआधी चालेल का, एवढं विचारायचं. कुणी हात मागे घेतला तर आग्रह करायचा नाही. दवाखान्यात, परीक्षेला, भरलेल्या गाडीत जाताना स्प्रे जरा बेताने मारायचा. मांडवात एक कोपरा उघड्या हवेचा ठेवायचा, म्हणजे ज्याला त्रास होतो त्यालाही पंगतीला बसता येईल.